भाचेबुवांचे रविवार

हवाई दलाची मिराज ही लढाऊ विमानं ग्वाल्हेरला आली १९८५ साली. मी तेव्हा कॉलेजात होते. विमान डोक्यावरून गेलं की वाक्य मध्येच थांबवायचं आणि आवाज ओसरला की पुढचं बोलायचं, ही सवय आमच्या घरात तेव्हापासूनची. पाहुण्यांना गंमत वाटते. त्यातलं एखादं विमान उद्या आपलाच भाचा चालवेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर हसले असते.

भाचा पुण्याचा. दुंडिगलची हवाई दलाची अकादमी झाली, बिदरला हॉक या जेट विमानावरचं प्रशिक्षण झालं, आणि मिराजवरच्या कन्व्हर्जनसाठी, म्हणजे ते विमान उडवायला शिकण्यासाठी, साहेब थेट ग्वाल्हेरच्या महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर. ताईचा लगेच फोन, "रविवारी घरी बोलाव गं, नीट जेवायला घाल." घातलं. पण जेवून झालं की हा एकतर झोपायचा, नाहीतर भिंतीकडे बघत पुटपुटायचा. इमर्जन्सीच्या कृती तोंडपाठ असाव्या लागतात म्हणे; आग लागली तर आधी काय, इंजिन बंद पडलं तर आधी काय. पुस्तक उघडायला तिथे वेळ कोण देतंय! त्याचं पुटपुटणं ऐकून माझ्याच पोटात गोळा यायला लागला. मग मीच गाडी काढली.

पहिल्यांदा गेलो मितावलीला. मुरैना जिल्ह्यात, टेकडीवरचं गोल चौसष्ट योगिनी मंदिर, शिलालेखाप्रमाणे १३२३ सालचं. आत गोलाकार ६४ कोठड्या, मधोमध मंडप. जुनं संसद भवन यावरूनच बांधलं असं इथे जो तो ठोकून देतो; पुरावा मागितला की विषय बदलतो. भाच्याने पायऱ्या चढून वर येताच एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मावशी, हा गोल मला माहितीये. वरून चटकन ओळखू येतो. देऊळ आहे हे माहीत नव्हतं."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून आम्हाला तासाच्या वर लागला होता. रस्ता कसा आहे ते मुरैनाकडे जाऊन आलेल्यांना सांगायला नको. हा म्हणतो, ४२० नॉट वेग धरला तर मिनिटाला सात नॉटिकल मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. तळापासून मितावली सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात मी गाडीची किल्लीसुद्धा शोधत नाही.

मी मंडपात सावलीला बसले. तो एका कोठडीच्या उंबऱ्यावर पाठ ताठ करून बसला, डोळे मिटले. डावा मूठ वळलेला हात हळूच पुढे गेला, थोडा मागे आला. उजवा दोन गुडघ्यांच्या मध्ये, बोटं जेमतेम हलत होती. मग मान डावीकडे, डोळे मिटलेलेच, ओठांत काहीतरी आकडे. एक गुराखी पोरगा थांबून बघायला लागला आणि मला खुणेने विचारलं, "बाबाजी हैं क्या?" याला चेअर फ्लाइंग म्हणतात हे नंतर कळलं. डावा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यावर, उजवा विमान वळवायच्या स्टिकवर, आणि अख्खी सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, टेकऑफपासून उतरेपर्यंत डोक्यात उडवायची. मिराजला मागे आडवी शेपटी नसते, नुसता त्रिकोणी पंख; त्यामुळे उतरताना नाक चांगलंच वर उचललेलं असतं आणि पुढचं कमी दिसतं. बहुधा तेच घोटत असावा. मी विचारत नाही. तळावरचं काही विचारायचं नाही आणि त्याने सांगायचं नाही, हे आमचं न बोलता ठरलेलं आहे.

पढावली आणि बटेश्वर त्याच फेरीत झालं. बटेश्वरची पडलेली देवळं दगड जुळवून पुन्हा उभी केली ती पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी, तेही डाकूंच्या मुलखात. ग्वाल्हेरला येऊन नुसता जयविलास राजवाडा बघून परत जाणाऱ्यांचा मला राग येतो तो याचसाठी. देवरीच्या घडियाल केंद्रातही गेलो. चंबळेच्या वाळूतून अंडी आणून पिल्लं वाढवतात आणि मोठी झाली की नदीत सोडतात. भाचा त्यात फारसा रमला नाही. येताना मुरैनाची तिळाची गजक घेतली, ती मात्र गाडीतच संपवली.

ओरछ्याला रामराजाच्या मंदिरात पोलीस देवाला सलामी देतात, कारण राम तिथला राजा. सलामीचा पुकारा झाला आणि आमचे भाचेबुवा जीन्स-टीशर्टमध्ये खाडकन सावधान! तिथल्या राजांच्या समाध्यांवर, म्हणजे छत्र्यांवर, गिधाडांची घरटी आहेत. बाकीचे फोटो काढत होते, हा वर बघून विचारतो, "ही साधारण किती वाजता उठतात?" जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि तिच्यावर ही मंडळी घिरट्या घेतात, इंजिनात एक जरी शिरलं तरी काय होतं ते त्याने सांगितलं नाही, पण घरटी न्याहाळत बराच वेळ उभा होता. माझ्या मते ती सुंदर होती. त्याच्या मते ती सुंदर होती आणि दहानंतर धोक्याची होती.

आता त्याने जुनी बुलेट घेतलीये आणि बरोबरच्या पोरांना घेऊन हिंडतो. ताईला हे अजून कळलेलं नाही, तेव्हा पुणेकर वाचकांनी तोंड बंद ठेवावं. नरवरचा किल्ला मात्र पावसाळ्यानंतर माझ्याबरोबरच, हे कबूल करून घेतलंय. पेट्रोल त्याचं, डबा माझा, आणि गाडी मीच चालवणार.