पेट्रिफाइड फॉरेस्टजवळचं स्वस्त मोटेल: आमची वाईट रात्र आणि तुमच्यासाठी काही सूचना

पूर्व ॲरिझोनातलं, दगड झालेल्या प्राचीन झाडांचं पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क बघायचं तर मुक्कामाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पार्कच्या आत हॉटेल नाही, गाडी लावून राहण्याजोगं कॅम्पग्राउंडही नाही आणि रात्री फाटकं बंद होतात. त्यामुळे बहुतेक लोक आय-४० महामार्गावरच्या हॉलब्रुक ते विन्स्लो या गावांच्या पट्ट्यातच कुठेतरी उतरतात. हा सगळा जुन्या रूट ६६ चा परिसर. १९२६ साली सुरू झालेला हा महामार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून काढला गेला, पण त्याच्या काठची एकमजली-दुमजली मोटेलं अजून चालू आहेत. त्यातली काही मालकांनी मनापासून जपलेली आहेत. हॉलब्रुकमधलं काँक्रीटच्या टिपींचं (शंकूसारख्या तंबूच्या आकाराच्या खोल्यांचं) विगवॅम मोटेल त्यातलंच, पण आम्हाला हव्या त्या तारखेला ते भरलेलं होतं. आम्हाला जे मिळालं त्याच्याबद्दल हे सगळं लिहिते आहे, कारण म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन या रस्त्यानं जाणारी मराठी कुटुंबं बरीच असतात.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, मुलगा आणि भारतातून आलेली आई. दिवसभर चिनली गावाजवळची कॅन्यन द शे ही दरी बघून संध्याकाळी दक्षिणेकडे निघालो. इथे घड्याळाचं एक लक्षात ठेवा. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, पण नावाहो नेशनमध्ये, म्हणजे नावाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशात, करतात. चिनली त्यातच येतं. म्हणजे उन्हाळ्यात चिनलीहून आय-४० कडे आलात की तुम्हाला एक तास परत मिळतो. फोन कधी या टॉवरची वेळ दाखवतो, कधी त्या. छोट्या मोटेलांची ऑफिसं रात्रभर उघडी असतीलच असं नाही, म्हणून पोचायला उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करून 'तुमच्या घड्याळानं किती वाजेपर्यंत माणूस असतो' हे विचारून घ्यावं. आम्ही फोन केला होता, त्यामुळे रात्री काउंटरवर माणूस भेटला.

खोली तळमजल्यावर मागून घेतली होती, आईचे गुडघे जिने चढू देत नाहीत म्हणून. अशा मोटेलात दार थेट पार्किंगमध्ये उघडतं. सामान उतरवायला ते फार सोयीचं, पण तेच दार रात्री तुमच्या आणि रस्त्याच्या मधला एकमेव आडोसा असतं. आमच्या दाराची चौकट कुलपाच्या उंचीवर उभी तडकलेली होती आणि त्यावर पत्र्याची पट्टी ठोकून रंग मारला होता. कोणीतरी कधीतरी ते दार लाथ मारून उघडलं होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. डेडबोल्ट फिरवला तर दांडा जेमतेम अर्धा आत जायचा. बाहेर बघायच्या भोकात कागदाचा बोळा कोंबलेला होता.

आत शिरताच सिगरेटचा जुना, भिनलेला वास आला. दारावर 'नो स्मोकिंग'ची पाटी होती, पण खिडकीखालचं एसी-हीटरचं युनिट लावल्यावर तो वास झोतानं अंगावर आला. त्या युनिटची समोरची जाळी ओढली की फिल्टर बाहेर येतो. नवऱ्यानं तो काढला तेव्हा त्यावर करड्या धुळीचा जाड थर निघाला. युनिटसमोरचं कार्पेट ओलं होतं. पाण्याचा निचरा तुंबला की पाणी खोलीतच झिरपतं आणि मग तो कुबट वास कितीही सुगंधी फवारे मारले तरी जात नाही.

माझा खरा संताप झाला तो छताकडे बघून. स्मोक अलार्मच्या जागी फक्त त्याची गोल बैठक होती. अलार्म गायब, दोन वायरी लोंबकळत होत्या. खोली जुनी आहे, पडदे विरलेत, दिव्याच्या शेडला भोकं आहेत, हे सगळं मी कमी भाड्यासाठी सोसायला तयार आहे. कमी पैसे दिले की कमी सोयी मिळणार, हा व्यवहार मला मान्य आहे. पण आगीची सूचना देणारं यंत्र ही सोय नव्हे. अमेरिकेत १९९० सालचा हॉटेल-मोटेल अग्निसुरक्षेचा कायदा आहे. त्यानुसार केंद्र सरकारचे कर्मचारी कामासाठी जिथे उतरतात, तिथे प्रत्येक खोलीत विजेच्या तारेला जोडलेला स्मोक अलार्म असायला हवा, तीन मजल्यांहून उंच इमारतीत स्प्रिंकलरही हवेत. अशा ठिकाणांची यादी यूएस फायर ॲडमिनिस्ट्रेशन ठेवतं आणि ती कोणालाही इंटरनेटवर बघता येते. आपण सरकारी कर्मचारी नसलो तरी ही यादी बघायला काहीच हरकत नाही. त्यात नाव असणं ही सगळ्याची हमी नव्हे, पण निदान मालकानं नोंदणीची तसदी घेतली आहे एवढं कळतं.

मग गादी. माझा नियम आहे की कोणी पलंगावर बसायचं नाही, बॅगा जमिनीवर किंवा गादीवर टेकवायच्या नाहीत, आधी ढेकणांची तपासणी. बॅगा बाथटबमध्ये ठेवायच्या. तिथे ढेकणाला लपायला फट नसते आणि पांढऱ्या पृष्ठभागावर तो लगेच दिसतो. मग डोक्याकडच्या बाजूनं चादरीचा कोपरा उपसायचा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरून गादीच्या शिवणीवरून, गोटावरून सावकाश फिरवायचा. आम्ही तेच केलं. भिंतीकडच्या कोपऱ्यात शिवणीच्या कडेनं काळे ठिपके होते, बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे, आणि जवळच टाकलेली एक पिवळट, पारदर्शक कात. ओल्या टिश्यूनं ठिपका पुसला तर तपकिरी ओघळ आला. ती ढेकणांची विष्ठा. जिवंत ढेकूण दिसायची वाट बघत बसायचं कारण नव्हतं.

आई म्हणाली, "अगं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, आमच्या लहानपणी घरोघरी असायचे." खरं आहे ते. पण प्रश्न रात्रीच्या चाव्याचा नसतो, ते बॅगेतून घरी येतात याचा असतो, आणि अमेरिकेत घरातून ढेकूण घालवायचा खर्च त्या खोलीच्या भाड्याच्या कितीतरी पट होतो. मी फोटो काढले: ठिपके, कात, छतावरची रिकामी बैठक, तडकलेली चौकट. प्रत्येक ठिकाणी एक फोटो जवळून आणि एक खोलीचा नंबर किंवा खोली ओळखू येईल असा लांबून.

काउंटरवर रात्रपाळीला एक तरुण मुलगी एकटीच होती. तिनं वाद घातला नाही. फोटो बघून लगेच दुसरी खोली दिली, आणि मी सांगितल्याप्रमाणे शेजारची किंवा वरची-खालची न देता इमारतीच्या दुसऱ्या टोकाची दिली. हे महत्त्वाचं आहे, कारण ढेकूण भिंतीतून, पाइपांच्या कडेनं शेजारच्या खोलीत जातात. पैसे परत करायचा अधिकार मात्र तिला नव्हता. आसपासच्या हॉटेलांना फोन केले, सगळी भरलेली. दिवसभराच्या प्रवासानं आई थकून गेली होती, म्हणून आम्ही थांबलो.

दुसऱ्या खोलीत गादी स्वच्छ निघाली, कडी नीट लागली, अलार्मचं बटण दाबल्यावर तो वाजला. बाकी परिस्थिती तीच. मायक्रोवेव्ह बंद, गरम पाणी यायला बराच वेळ आणि सुरुवातीचं पाणी गंजाचं. बाथटबचा काठ इतका उंच आणि आत धरायला दांडा नाही, की आईला आंघोळीला मी आत उभं राहून हात दिला. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच टब नसलेला, थेट चालत आत जाता येईल असा शॉवर असलेली खोली मिळते का हे विचारावं. अपंगांसाठी राखलेल्या खोल्यांमध्ये तो बऱ्याचदा असतो.

झोप लागली नाही ती मालगाड्यांमुळे. या पट्ट्यातून बीएनएसएफ या रेल्वे कंपनीचा मुख्य मार्ग जातो आणि रात्रभर गाड्या चालू असतात. रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे चालकाला भोंगा वाजवावाच लागतो, तसा केंद्र सरकारचा नियम आहे: दोन लांब, एक आखूड, एक लांब, आणि आवाज ९६ ते ११० डेसिबल. काही गावांनी 'क्वाएट झोन' (जिथे एरवी भोंगा वाजवत नाहीत) करून घेतलेत, सगळ्यांनी नाही. त्यामुळे नकाशात मोटेल आणि रूळ यांच्यातलं अंतर बघाच, आणि त्याहून जास्त रेल्वे क्रॉसिंग कुठे आहे ते बघा. कानात घालायचे बोळे दोन डॉलरमध्ये मिळतात, सोबत ठेवा.

सकाळी मॅनेजरनं सांगितलं की बुकिंग वेबसाइटवरून आहे, तिकडे बोला. वेबसाइटनं सांगितलं की मोटेलनं मान्यता दिल्याशिवाय काही करता येत नाही. हा चेंडू असा फिरतच राहतो. म्हणून माझा आग्रह आहे की छोट्या मोटेलात वेबसाइटवर फक्त शोधा, बुकिंग थेट फोन करून करा. भाडं बहुधा तेवढंच असतं आणि तक्रार झाली तर पैसे घेणारा माणूस तुमच्यासमोर उभा असतो. 'नॉन-रिफंडेबल' स्वस्तात मिळालं तरी न बघितलेल्या जागेसाठी घेऊ नका. आणि पैसे डेबिट कार्डानं कधीच देऊ नका. अनामत म्हणून अडकवलेली रक्कम तुमच्या खात्यातूनच अडकते आणि सुटायला कित्येक दिवस जातात.

क्रेडिट कार्डाचा दुसरा फायदा मोठा आहे. फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट या अमेरिकी कायद्याखाली, ज्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते. आम्ही तेच केलं. फोटो, पहिल्या आणि दुसऱ्या खोलीचे नंबर, रात्री काउंटरवर केव्हा गेलो ती वेळ, आणि मोटेलला सकाळीच पाठवलेली ईमेल, एवढं जोडलं. पूर्ण नाही, पण बरीचशी रक्कम परत मिळाली. ती ईमेल मोटेल सोडण्याआधीच पाठवली होती, त्याचा उपयोग झाला असं मला वाटतं.

भाड्याबद्दल एक चांगली गोष्ट. १२ मे २०२५ पासून एफटीसी (फेडरल ट्रेड कमिशन) या केंद्रीय संस्थेच्या नियमानुसार हॉटेल-मोटेलांना सक्तीची सगळी शुल्कं धरूनच दर दाखवावा लागतो, शेवटच्या पानावर नवं 'फी' चिकटवता येत नाही. सरकारी कर मात्र अजूनही वेगळे दाखवता येतात, म्हणून तुलना करताना शेवटचा आकडा बघा.

परीक्षणं वाचण्याबद्दल माझं मत ठाम झालं आहे. सरासरी तारे बघू नका. सगळ्यात ताजी परीक्षणं आधी लावा, पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा, आणि मोटेलच्या नावाऐवजी त्याचा पत्ता टाकून शोधा. हॉटेल कंपनीच्या साखळीतून बाहेर पडलेलं मोटेल नवं नाव लावतं आणि जुन्या नावाखालच्या तक्रारी मागे राहून जातात. आमच्या मोटेलच्या पत्त्यावर जुन्या नावाची अशी बरीच परीक्षणं निघाली, आणि त्यात ढेकणांचा उल्लेख होता.

घरी आल्यावर बॅगा घरात नेल्या नाहीत. गॅरेजमध्येच उघडून कपडे थेट ड्रायरमध्ये टाकले, सगळ्यात जास्त उष्णतेवर अर्धा तास. त्यात ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. धुतलेच पाहिजेत असं नाही, उष्णता महत्त्वाची. बॅगा उन्हात गाडीत ठेवून काम होईल यावर विसंबू नका, आतपर्यंत पुरेशी उष्णता पोचेलच असं नसतं. बॅगांच्या शिवणी व्हॅक्युमनं साफ करून व्हॅक्युमची धुळीची पिशवी बांधून बाहेर टाकावी. चावल्याच्या खुणा काही जणांना दोन आठवड्यांपर्यंतही उमटत नाहीत, म्हणून तोवर लक्ष ठेवा.

आता आम्ही प्रवासात बॅटरीवर चालणारा छोटा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि रबराची दाराखाली सारायची पाचर नेतो. जुन्या मोटेलात गॅसचं हीटर किंवा खोलीला लागूनच बॉयलर असेल तर हा अलार्म हवाच, कारण त्या वायूला वासच नसतो.

आणि एवढ्या सगळ्यावरून पेट्रिफाइड फॉरेस्ट रद्द करू नका. पार्कमधला २८ मैलांचा रस्ता निम्मा दिवस देऊन सावकाश करावा. वीस कोटी वर्षांहून जुने, दगड झालेले रंगीत ओंडके हाताच्या अंतरावर पडलेले असतात (उचलायचे नाहीत, कायद्यानं गुन्हा आहे), आणि रूट ६६ चा जुना तुकडा आत असलेलं हे एकमेव नॅशनल पार्क आहे. परत गेलो तर आम्ही मुक्काम फ्लॅगस्टाफला करू. गाडीनं जास्त अंतर पडतं, पण तिथे निवड करायला हॉटेलं भरपूर आहेत, आणि एखादी खोली वाईट निघाली तर रात्रीही दुसरीकडे जाता येईल.