तुम्ही विचारलंत म्हणून: जळलेल्या परसात गांजाच का?

मंडळाच्या गणपतीत विचारता, फोनवर विचारता, सांगलीला गेले की मावशी आवाज उतरवून विचारते. "एवढं घर गेलं, परस गेलं, आणि परत लावायला तुला गांजाच सुचला?" सगळा जोर त्या 'च'वर. तर एकदाच काय ते लिहून टाकते.

आधी कायद्याचं, कारण निम्मी उत्सुकता तिथंच असते. २०१६ च्या नोव्हेंबरमधल्या मतदानानंतर कॅलिफोर्नियात २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी सहा झाडं लावता येतात. कुलपात हवीत, रस्त्यावरून दिसायला नकोत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्याला मात्र ते मान्य नाही, त्यामुळे ग्रीनकार्डवाल्यांनी माझं बघून काही करू नये. मी नागरिक आहे. भारतातला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदाही मला ठाऊक आहे, तिकडे येऊन मी काही पेरणार नाही. झालं.

आता खरं. आजवर मी तुम्हाला सांगत आले की हे झाड जमीन स्वच्छ करतं. चेर्नोबिलजवळ याचंच भावंड, हेंप, त्याच कामासाठी लावून पाहिलं होतं. यात खोटं काही नाही. घर जळतं तेव्हा नुसतं लाकूड जळत नाही. रंग, वायरी, बॅटऱ्या, पत्र्यावरचं जस्त, सगळं राखेत उतरतं. २०१७ च्या टब्ज आगीत आमचं लार्कफील्डचं घर गेलं, त्यानंतर सरकारी कंत्राटदारांनी राखेबरोबर वरची मातीही खरवडून नेली, माझ्या तुळशीवृंदावनासकट. मागे राहिली ती खालची पिवळी चिकणमाती. पाणी ओतलं तरी जिरायचं नाही. अशा जमिनीत शिसं, कॅडमियम ओढून घेणारं झाड लावलं, तर काय चुकलं?

पण ओढून घेतलेलं जातं कुठं? पानांत, तुऱ्यांत. दुकानात विकायच्या गांजात ग्रॅममागे ०.२ मायक्रोग्रॅमहून जास्त कॅडमियम चालत नाही, शिसं ०.५ हून जास्त चालत नाही. घरच्याला कोणी विचारत नाही. २०१८ साली आम्ही प्लॉटवरच ट्रेलरमध्ये राहत होतो, तेव्हाचं पहिलं पीक मी प्रयोगशाळेत दिलं. कॅडमियम मर्यादेच्या वर निघालं. म्हणजे एक तर झाड माती साफ करणार, नाहीतर तुम्ही ते ओढणार; दोन्ही जमायचं नाही. बरं, सहा झाडं हंगामाला उचलून उचलून उचलणार तरी किती? ते पीक कचऱ्यात गेलं, आणि पुढच्या वर्षी मी कापडी पिशव्यांत विकतची माती भरून तिथंच परत लावली. झाडाचं मूळ त्या जमिनीला लागणारच नव्हतं. मग जमीन कसली स्वच्छ होणार? तरी तुम्हाला तेच सांगत राहिले, कारण ऐकायला बरं वाटायचं.

तुम्ही म्हणता लिंबू लाव, डाळिंब लाव. लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात. त्या जागेला चार वर्षं द्यायची माझी तयारी नव्हती. गांजा वसंतात रुजतो, ऑगस्टपर्यंत डोक्यावर जातो, दिवस लहान होऊ लागले की तुरे धरतो, ऑक्टोबरात कापला की हिशेब मिटला. ऑक्टोबर हाच इकडे आगीच्या वाऱ्याचा महिना, हे मला कळत नव्हतं असं नाही.

२०१९ ची दिवाळी. घर उभं राहिलेलं, आई सांगलीहून आलेली, कापलेल्या फांद्या नव्या गॅरेजात उलट्या टांगलेल्या. २३ ऑक्टोबरला गायझरव्हिलच्या वरच्या डोंगरात किंकेड आग लागली. वारा सुटणार म्हणून वीज आधीच तोडली होती. २७ तारखेला नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. आईनं रात्रीच तेलाची वाटी, उटणं, मोती साबण काढून ठेवला होता. पहाटे उठवलं ते फोननं: घर रिकामं करा, लगेच निघा.

२०१७ ला आम्ही अनवाणी पळालो होतो. या वेळी थोडा वेळ होता. आई देव पदरात बांधत होती आणि मी कपाळाला दिवा लावून गॅरेजात उभी. उजेडात तुऱ्यांवरची राळ साखरेसारखी चमकत होती. घराबाहेर २८.५ ग्रॅमपेक्षा जास्त नेता येत नाही, बाकीचं घरातच कुलपात ठेवायचं असा नियम. घराला आग लागायची वेळ आणि मी ग्रॅम मोजत होते. आई दारात आली. "घ्यायचं ते घे, पण लवकर." मी म्हटलं, काही नको. तिनं चकल्या पिशवीत ओतल्या, हाताला लागली ती फांदी ओढून रिकाम्या डब्यात कोंबली आणि झाकण लावलं. एरवी ती त्यांना 'तुझी ती झाडं' म्हणायची, नाव घ्यायची नाही.

१०१ हायवेवर दक्षिणेकडे दिव्यांची रांग. गाडीत भाजणीचा आणि गांजाचा वास. पेटालुमात एका पार्किंगमध्ये थांबलो, तेव्हा तिनं विचारलं, "परत तिथंच का बांधलंत गं?"

हे तुमच्यापैकी कुणीही विचारलेलं नाही. तुम्ही गांजाचं विचारता. विम्याचे पैसे, पोरांची शाळा, दुसरीकडे परवडत नाही, हे सगळं मी तिला सांगितलं आणि सगळं खरं होतं. तिनं "बरं" म्हटलं आणि डब्याचं झाकण परत दाबून बसवलं.

घर वाचलं. गॅरेजातल्या फांद्यांना धूर लागला होता. चिकट राळ धूर धरून ठेवते, तो वास जात नाही. सगळ्या फेकल्या. डब्यातली तेवढी राहिली. ओढते का, असंही विचारता. झोप लागत नाही तेव्हा, हो. डॉक्टरला माहीत आहे, मावशीला आता कळेल.

२०२० ला पुन्हा राख पडली, बारीक, तुऱ्यांवर बसली की धुऊनही निघेना. तेव्हापासून ऑटोफ्लॉवर जात लावते. तिला दिवस लहान व्हायची वाट बघावी लागत नाही, ऑगस्टातच कापून होते. त्यामुळे आगीच्या दिवसांत परस रिकामं असतं. मग लावतेसच कशाला, असं नवरा विचारतो. त्याला मी अजून काही बोललेले नाही. लिंबाचं रोप नर्सरीत दोनदा हातात घेऊन परत ठेवलं आहे.