आमची वाटचाल : दोनशे ओळींचा फटका

बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, आहे त्यांना सांगायला नको. मालकाचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू होतो. काल हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला रस) किती झाल्या आणि रिजेक्शन (बाद माल) किती गेलं? आमच्या लहानपणापासून याचं उत्तर सुपरवायझरच्या खिशातल्या वहीत असायचं. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, प्रत्येक कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरची धावपळ सुरू झाली, आणि त्याच धांदलीत टिळकवाडीत एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघांनी टेबल टाकलं. मी अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकत होतो. जोडीदार एका फाउंड्रीत क्वालिटीला होता, कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, हातात घेऊन ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं भोक) कशामुळे आलं ते सांगायचा. मला ते आजही जमत नाही.

काम असं, की शॉपवर सुपरवायझर मोबाइलच्या फॉर्ममध्ये नोंद करणार, ती क्लाउडवर जाणार, तिथून आपोआप पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरणार आणि मालक घरी चहा पिता पिता रिपोर्ट बघणार. कुणी फाइल डाउनलोड करायची नाही, कुणी एक्सेलमध्ये चिकटवायची नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे काका. बिडाचं ओतकाम, वडिलांपासूनची फाउंड्री. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पैसे देतो की, खरं आकडा चुकला तर तुलाच भट्टीत घालतो बघ." आगाऊ रक्कम मात्र त्याच दिवशी दिली. तेव्हा आमच्याकडे दाखवायला एकही चालू काम नव्हतं, हे मी विसरलेलो नाही.

आकडा चुकलाच. क्लाउडवर वेळ साठते ती युटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे. रात्री दोनची हीट तिथे आदल्या रात्री साडेआठची दिसते. आता काकांचा दिवस सकाळी सात ते दुसऱ्या सकाळी सात. म्हणजे चूक असूनही आकडे जवळजवळ जुळायचे. फक्त पहाटे साडेपाच ते सातमधल्या हीट पुढच्या दिवसात पडायच्या. जोडीदार आठवडाभर रात्रपाळीला भट्टीजवळ स्टूल टाकून बसला तेव्हा कुठे ते सापडलं. साडेपाच तास मिळवायचे, मग फाउंड्रीचे सात वजा करायचे. म्हणजे सरळ दीड तास वजा करायचा, हे डोक्यात यायला आम्हाला आणखी दोन दिवस लागले.

दुसरा घोळ नावांचा. एक सुपरवायझर मराठीत लिहिणार, दुसरा कन्नडमध्ये, तिसरा इंग्रजीत आणि तेही आपल्या स्पेलिंगने. एकाच दोषाची रिपोर्टमध्ये सात-आठ नावं. आम्ही एक वेगळा तक्ता केला, डावीकडे ते काय लिहितात आणि उजवीकडे त्याला काय म्हणायचं. जोडीदाराने तो संध्याकाळी शॉपवर बसून एकेकाला विचारून भरला. मला विचाराल तर आमच्या धंद्याचं खरं भांडवल तो तक्ता आहे, बाकी सगळं विकत मिळतं.

आणि तो लॅपटॉप. फॉर्मच्या नोंदी क्लाउडवरून थेट येत होत्या, त्याला मध्ये काही लागत नाही. पण उत्पादनाचे आकडे काकांच्या ऑफिसातल्या मशिनवर, म्हणून तिथे गेटवे, म्हणजे तिथले आकडे पॉवर बीआयपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर, बसवावा लागला. एक जुना लॅपटॉप दिला, स्क्रीनला उभी भेग असलेला. तो झोपला की रिफ्रेश (ठरल्या वेळी नवे आकडे ओढणं) पडायचं, म्हणजे फसायचं, आणि लागोपाठ चार वेळा पडलं की पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करून टाकतं. वर 'बंद करू नये' अशी मराठी-कन्नड चिठ्ठी चिकटवली. झाडूवाल्या मावशींनी तरी प्लग काढून पंखा लावला. चूक त्यांची नाही, चिठ्ठी लॅपटॉपवर होती, प्लगवर नव्हती.

मधली वर्षं बरी गेली. आठ गिऱ्हाइकं झाली, दोन मुलं कामाला ठेवली.

२०२२ च्या पावसाळ्यात काकांच्या रिपोर्टमध्ये रिजेक्शन खाली यायला लागलं. महिन्याच्या वीस तारखेपर्यंत रेषा नेहमीसारखी, पुढे घसरत घसरत तळाला. काका इतके खूश, की शॉपवर सगळ्यांना कुंदा वाटला. आमच्या ऑफिसलाही अर्धा किलो आला आणि आम्ही खाल्ला. पंधरा दिवसांनी सकाळी फोन आला. "रिपोर्ट ब्येस हाय तुझा, खरं गाडी परत आलीया." आख्खी गाडी, ब्लोहोलने भरलेली.

झालं होतं असं, की ती क्लाउड सेवा एका मागणीला दोनशेच नोंदी देते. पुढच्या हव्या असतील तर सोबत आलेला पुढच्या पानाचा पत्ता घेऊन पुन्हा मागायचं. आमची क्वेरी, म्हणजे नोंदी मागवणारा कोड, पहिलं पान घेऊन समाधानी. इतकी वर्षं काकांच्या महिन्याच्या नोंदी दोनशेच्या आत बसायच्या, म्हणून कुणाला कळलं नाही. नवीन ऑर्डर आली, नोंदी वाढल्या, आणि दोनशेव्या ओळीनंतरचं रिजेक्शन रिपोर्टपुरतं झालंच नाही. उत्पादन मात्र गेटवेतून पूर्ण येत होतं, त्यामुळे टक्केवारी गोड दिसली. रिफ्रेश रोज यशस्वी, हिरवी खूण. ती क्वेरी मी लिहिली होती. काकांची बोलणी जोडीदाराने खाल्ली, आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो.

त्याच महिन्यात पुण्याकडची एक कंपनी आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरली. 'बेळगावच्या पोरांनी गाडी परत आणली' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या कारखान्यांत ऐकलं. पहिलं वर्ष फुकट म्हणाले. आठातले पाच गेले, एका मुलाला काढावं लागलं, खोलीचं भाडं चार महिने थकलं. पाचांपैकी कुणीही स्वतः फोन केला नाही. आम्हाला कळलं ते क्लाउडचा आमचा प्रवेश बंद झाला तेव्हा.

या धंद्यात नवीन असाल तर, कुणी विचारलेलं नाही तरी सांगतो. हिरव्या खुणेवर जाऊ नका, ओळी मोजा. क्लाउडवर किती, रिपोर्टमध्ये किती, दोन्ही आकडे रिपोर्टच्या डोक्यावरच छापा. जोडणी मालकाच्या खात्याने करू नका, त्यांनी पासवर्ड बदलला की सगळं थांबतं. वेगळं खातं काढा आणि रिफ्रेश पडल्याची मेल ज्याच्या हातात काम आहे त्यालाच जाऊ द्या. आमची ती मेल वर्षभर एका सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर जात होती.

काका गेले नाहीत. परतीच्या गाडीचं भाडं आमच्या बिलातून कापलं, पुढच्या महिन्याचा चेक वेळेवर दिला. आता रिपोर्टवर ते दोन आकडे शेजारी असतात, तरी रोज सकाळी सुपरवायझरची वही मागवून तिसरा आकडा स्वतः पडताळतात.

गेलेल्या पाचांतल्या एका फाउंड्रीत मागच्या वर्षी दुसऱ्या कामासाठी जावं लागलं. भिंतीवरच्या टीव्हीवर त्या कंपनीचा रिपोर्ट चालू होता. रंग आमचे, मांडणी आमची, जोडीदाराचा तो दोषांचा तक्ता जसाच्या तसा. आमच्या तक्त्यात इंग्रजी फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) या शब्दातला एक टी राहून गेला होता. आम्ही तो कधीच घातला. त्यांचा अजून कमीच आहे.