ऐंशी दिवसांचा ताग आणि अडकलेला रोटाव्हेटर

12 सप्टेंबरला दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत छाटणीआधीचे मातीचे नमुने घ्यायला गेलो. थॉमसन जात, डॉगरिज खुंटावर कलम केलेली, वेलींना इंग्रजी वाय आकाराची ताटी, 9 बाय 5 फुटांची लागवड, जमीन काळी भारी. बांधावरून आत पाहिलं तर मधल्या पट्टीत मिनी ट्रॅक्टर बंद उभा आणि चालक रोटाव्हेटरपाशी (फिरत्या पात्यांनी माती उलथणारं अवजार) बसून विळा चालवत होता. चावी खिशात, यंत्राखाली लाकडी ठोकळा. एवढी काळजी त्याने घेतली होती हे बरं. वेलींच्या ओळींमध्ये हिरवळीचं खत म्हणून, मातीत गाडायला पेरलेल्या तागाचा पात्यांच्या दांड्याभोवती असा वेढा बसला होता की पाती दिसत नव्हती. कापलेला एक पीळ हातात घेतला. साल अजून ओली, हिरवट होती, पण ताणली तर सुतळीसारखी तुटता तुटेना. बेअरिंगच्या बाजूने ऑइल गळायला लागलं होतं. वाख, म्हणजे तागाच्या सालीचा धागा, ऑइल सीलमध्ये शिरला की असंच होतं.

"साहेब, 3 ऑक्टोबरला छाटणी धरलीय. आज ताग गाडून मोकळं व्हायचं होतं," बागायतदार म्हणाले. गाडलेलं कुजायला तीन आठवडे मिळतील हा त्यांचा हिशेब होता. कोवळ्या तागाला तो लागूही पडला असता.

तागाची पेरणी 25 जूनची होती. 45 ते 50 दिवसांत, फुलकळी दिसायला लागताच तो गाडायचा असतो, म्हणजे 9 ते 14 ऑगस्टच्या दरम्यान. नेमकी तेव्हा पावसाची झड लागली आणि काळ्या मातीत ट्रॅक्टर घालता आला नाही. घातला नाही हे योग्यच केलं, ओल्यात चाक फिरलं असतं तर पुढची दोन वर्षं ते भोवलं असतं. पण ताग थांबत नाही. मी पाहिला तेव्हा तो 79 दिवसांचा होता, डोक्याच्या वर गेलेला, फुलं पिवळीजर्द आणि खालच्या शेंगा धरायला लागलेल्या. ताटीच्या खाली हवाच खेळत नव्हती. सकाळचे दहा वाजले तरी वेलींची खालची पानं ओली होती आणि त्यांच्या मागच्या बाजूला डाऊनीची (केवडा या बुरशीजन्य रोगाची) पांढरी लव होती. छाटणीपर्यंत पानं टिकली नाहीत तर काडीतला अन्नसाठा कमी पडतो, म्हणून मला याचीही धास्ती होती.

गाडायच्या आधी एक खूण बघावी. जमिनीपासून वीतभर वर खोड धरून वाकवायचं. कडकन मोडलं आणि आत रस दिसला तर गाडा. वाकलं, साल सोलून निघाली आणि आत पांढरं लाकूड दिसलं तर गाडू नका. मी सात-आठ ठिकाणी वाकवून पाहिलं, एकही मोडलं नाही. कोवळ्या हिरवळीचं कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कार्बन आहे ते) 25 च्या आत असतं, ती कुजताना नत्र मोकळं होतं. जून खोडात ते 30 च्या बरंच वर जातं. मग कुजवणारे जिवाणू स्वतःसाठी जमिनीतलंच नत्र उचलतात, आणि तेही नव्या फुटीला मुळांकडून अन्न हवं असतं त्याच दिवसांत.

म्हणून गाडणं थांबवलं. ब्रश कटरला दोरीऐवजी पातं लावलं (दोरीभोवती वाख गुंडाळतो), जमिनीपासून तीन-चार इंचांवर कापणी केली आणि कापलेला ताग बोदावर (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यावर) आडवा अंथरला. थर चार इंचांचा, बुंध्यापासून वीतभर मोकळी जागा. पृष्ठभागावर पडलेलं जून खोड मातीत मिसळत नाही, त्यामुळे नत्र फारसं अडकत नाही. उन्हाळ्यापर्यंत तेच आच्छादन म्हणून कामी येतं. ठिबकच्या नळ्या थराखाली गेल्या, तेव्हा उंदीर त्या कुरतडतील म्हणून दर आठवड्याला थर उचलून नळ्या पाहायच्या. शेंगांत बी भरलं नव्हतं, नाहीतर बोदावर तागच उगवला असता.

कापणी चालू असताना खड्डे घेतले. बी कमी पडल्यामुळे दोन पट्ट्या कोऱ्या राहिल्या होत्या, त्यामुळे तुलना आपोआप मिळाली. सहा इंच व्यासाचं पत्र्याचं कडं तीन इंच ठोकून आत 450 मिली पाणी ओतलं, म्हणजे साधारण एक इंच पाऊस. पहिलं पाणी मुरू द्यायचं आणि दुसऱ्याची वेळ मोजायची. तागाच्या पट्टीत मधोमध 7 मिनिटं लागली, कोऱ्या पट्टीत 38. तागाखालची माती रवाळ होती, मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या तर आत गुलाबी. म्हणजे त्या अजून नत्र बांधत होत्या.

चाकोरीत मात्र निराळं चित्र होतं. फवारणीच्या फेऱ्यांनी पाच-सहा इंचांवर कडक थर झाला होता. तागाचं सोटमूळ तिथवर सरळ गेलं आणि काटकोनात वळून थराच्या अंगाने आडवं पसरलं होतं. त्याखाली वेलीची पांढरी मुळी एकही दिसली नाही. ताग जमीन भुसभुशीत करतो हे खरं, पण असा थर त्याच्याने फुटत नाही. त्यासाठी उन्हाळ्यात, जमीन वाळलेली असताना सबसॉयलर (खालचा कडक थर फोडणारं अवजार) चालवायचा आणि मगच जूनमध्ये पेरायचं.

पुढच्या हंगामाचं तिथेच ठरवलं. एकाआड एक पट्टी पेरायची, म्हणजे ट्रॅक्टरला वाट राहते. नऊ फुटांतली सहा फुटांची पट्टी पेरायची, बोदाच्या दोन्ही अंगांना दीड-दीड फूट मोकळं. सगळ्या पट्ट्या पेरल्या तर एकरी 15 किलो बी लागतं, एकाआड एकला त्याच्या निम्मं. पाणी साचतं त्या खालच्या कोपऱ्यात तागाऐवजी धैंचा (हिरवळीचंच दुसरं पीक), कारण ताग तिथे पिवळा पडून मरतो. चवळीचा विषय निघाला तेव्हा नको म्हटलं, वेलींच्या मुळांवर सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या) गाठी दिसल्या होत्या. चवळीवर हे कृमी वाढतात, तागावर त्यांची वाढ खुंटते. आणि 40 व्या दिवशी पाऊस असो वा नसो, ब्रश कटरने कापायचा. त्याला ट्रॅक्टर लागत नाही.

ट्रॅक्टर अडकण्याआधी 40 फूट पट्टी गाडून झाली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या मिळून सोळा वेलींना खुणेची दोरी बांधली. छाटणीनंतर 26 व्या दिवशी पुन्हा गेलो. बाकी बाग हिरवीगार होती आणि दोरीच्या वेलींची पानं फिकट पोपटी, खालून पिवळी पडत आलेली. त्या सोळा वेलींना ठिबकऐवजी हाताने, पाण्यात विरघळवून कॅल्शियम नायट्रेट दिलं.