पिंजऱ्यातला लावा अन् वावरातला लावा

माझा मोठेबाबांचा पोरगा अमेरिकेत जॉर्जियाले राहते, परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होता की तो शिकारीले गेल्ता. म्हटलं कायची शिकार, तर म्हणे बॉबव्हाइट लाव्याची, म्हणजे तिकडच्या लावा पाखराची. अन् ते लावे जंगली नाहीत बरं का, पिंजऱ्यात वाढवलेले, सकाळी फार्मवाला गवतात सोडून देते, मग कुत्रा वास काढून एका जागी पुतळ्यासारखा थांबते, पाखरं भर्रकन उडतात अन् बंदूक चालते. पैसे मोजून.

मले ते ऐकून कसंतरीच झालं. जंगली बॉबव्हाइट रात्री जमिनीवर गोल करून झोपतात, शेपट्या आत अन् तोंडं बाहेर, म्हणजे कोणीकडूनही धोका आला तर सगळे एकदम उडतील. पिंजऱ्यातल्याले ससाणा काय माहीत? गोळीतून वाचले तरी बहुतेक काही आठवड्यातच मरतात.

पण दादाचं एक म्हणणं मले पटलं, तिकडं जंगली लावे कमी झाले कारण झुडपी जागा अन् बांधावरचं गवत गेलं, म्हणून हे पाळलेले आले. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं तितूर, लावा मारणं गुन्हा आहे, तरी आमच्या वावरात पराटीच्या तासात पहाटे तितूर ओरडाचे ते आता कुठं ऐकू येते? बंदूक कोणीच चालवली नाही, धुरे, म्हणजे वावराचे बांध, आम्हीच साफ केले. यंदा मी बाबांशी भांडून एका धुऱ्यावर तणनाशक मारू दिलं नाही.