आजीची टिकली

शनिवार, रात्रीचे अकरा

रेडिओ घरी आला. तासाभरापूर्वी बंद केला, तरी फळीवर हात ठेवला की अजून ऊब लागते आहे. दोनदा उठून हात लावून आले.

पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा संच, आजोबांनी घेतलेला. तेव्हा रेडिओला लायसन्स लागे, ते आजोबा पोस्टात जाऊन भरायचे, पण रेडिओ खरा आजीचा. तिला वाचता येत नसे, म्हणून पुणे केंद्र लागतं तिथे डायलच्या काचेवर तिने कपाळाची लाल टिकली चिकटवली होती. निवेदक सांगायचे, ‘३७८.८ मीटर्स म्हणजेच ७९२ किलोहर्ट्झवर’. आमच्याकडे तेच ‘टिकलीवर’. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या टिकलीवर. आजी गेल्यावर रेडिओ माळ्यावर गेला, टिकली मात्र सुटली नाही.

तो दुरुस्त करणारा माणूस शोधण्यात दोन महिने गेले. तपकीर गल्लीत एकेक दुकान विचारत फिरले. टीव्हीचे बोर्ड, रिमोट, स्पीकर सगळं मिळतं, पण व्हॉल्व्ह म्हटलं की समोरचा मान हलवतो. एकाने ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं आणि मी ठेवून आले. ती माझी चूक. आठवड्याने परत आणला तेव्हा काच चकचकीत होती आणि दिल्ली, सिलोन, मुंबई ही नावं निम्मी गेली होती. डायलवरची अक्षरं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात. ओलं फडकं फिरलं की रंग सुटतो. टिकली बाहेरून होती म्हणून वाचली. भर गल्लीत डबा छातीशी धरून उभी राहिले, डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या एकाने आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून द्यायची तयारी दाखवली. मग त्यात आमचं काय उरलं असतं?

नारायण पेठेतल्या काकांचा पत्ता शेवटी जुन्या बाजारात व्हॉल्व्ह विकणाऱ्याने दिला. वाड्याचा जिना, वर एक खोली, खिडकीशी टेबल. नाव-गाव विचारायच्या आधी काकांनी विचारलं, “प्लग लावून बघितलात का?”

“मी नाही लावला. दुकानात लावला असेल तर माहीत नाही.”

“बरं केलंत.”

त्याच क्षणी मला कळलं की माणूस सापडला. इतक्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

मागचा पुठ्ठा काढून त्यांनी मेण लावलेला, करंगळीच्या पेराएवढा एक कंडेन्सर दाखवला. ईबीसी ८१ या व्हॉल्व्हकडून स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ व्हॉल्व्हकडे आवाज याच्यातून जातो. त्याने आवाज जाऊ द्यायचा आणि मागचा डीसी व्होल्टेज अडवायचा. आतला कागद खराब झाला की तो लीक होतो, व्होल्टेज ईएल ८४ च्या ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवर पोचतो, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो, तापून लाल होतो आणि जाता जाता स्पीकरच्या आधीचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळतो. “व्हॉल्व्ह मिळतो हो ताई. हा ट्रान्सफॉर्मर कुठून आणू?”

त्यांनी कागदी कंडेन्सर सगळे बदलले, फिल्टरचे दोन मोठेही. व्हॉल्व्ह पाचही जुनेच आहेत, फक्त त्यांच्या पिना घासून घेतल्या. किती व्होल्टवर चालवायचा ते ठरवणारी टॅप मागे २२० वर होती, ती वरच्या खाचेत नेली, कारण हल्ली घरात २४० च्या आसपास येतात. डायलची दोरी तुटायला आली होती, नवी ओवली. दीड महिना लागला. मी घाई केली नाही, त्यांनीही नाही.

आज संध्याकाळी चालू करायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. आधी सिरीजमध्ये, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, १०० वॉटचा पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहील, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. बटन दाबलं, बल्ब भक्कन पेटला, माझा श्वास अडकला, आणि हळूहळू तो मंद होत गेला. काका नुसते “हं” म्हणाले. मग बल्ब काढून सरळ लाइनवर. अर्धा मिनिट काहीच नाही. मग स्पीकरमधून बारीक घुंऽऽ, मग नुसती खरखर. काकांनी खोलीतली एलईडी ट्यूब बंद केली, मोबाइलचा चार्जर उपटला. खरखर निम्म्यावर आली. अंधारात डायलचा पिवळा उजेड तेवढा राहिला. ते बटन फिरवत गेले आणि पुणे केंद्र लागलं. जड, भरलेला, लाकडातून येणारा आवाज. मी इतकी वर्षं मोबाइलवर ऐकते, पण निवेदिकेचा आवाज असा छातीत उतरत नाही.

काटा टिकलीच्या अर्धं बोट अलीकडे थांबला होता.

“नव्या दोरीवर आकड्यांशी जुळवलाय तो,” काका म्हणाले. “आता तसाच बरोबर आहे. टिकलीशी जुळवायचा तर बाकीची केंद्रं सगळी सरकतील.”

“टिकलीवर घ्या,” मी म्हटलं.

त्यांनी एकदा टिकलीकडे नीट पाहिलं, चष्मा वर केला आणि चिमट्याने काटा दोरीवरून थोडा थोडा पुढे सरकवला.