कोटेशनमधली वेगळी ओळ: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही कॉम्प्युटरचं दुकान टाकलं ते २००४ साली. मी, माझा धाकटा भाऊ, एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्सलने येणारा माल, एवढ्यावर सुरुवात झाली. तेव्हा असेंबल्ड मशीन, म्हणजे सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर, घेताना गिऱ्हाईक प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्कवर घासाघीस करायचं. पॉवर सप्लायचा विषयच निघत नसे. कॅबिनेटमध्ये हा सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा, बसवूनच यायचा, त्यामुळे तो फुकटच धरला जायचा.

आम्ही मुळात रिपेअरिंगवाले, विक्री नंतर सुरू केली. म्हणून हा फुकटचा डबा काय करतो ते आम्ही रोज उघडून बघत होतो. मशीन यायचं ते ‘व्हायरस आलाय, आपोआप रिस्टार्ट होतंय’ या तक्रारीने. कुणीतरी दोन-तीनदा विंडोज टाकून दिलेलं असायचं. आम्ही सप्लायमधून निघणाऱ्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर मल्टिमीटर लावायचो. मशीन नुसतं चालू असताना १२.१ व्होल्ट, आणि फोटोशॉपमध्ये जड फाईल उघडली की ११.२. एटीएक्स, म्हणजे पीसीच्या सप्लायचं ठरलेलं मानक, त्याच्या नियमात १२ व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ११.४ च्या खाली गेलेला सप्लाय बादच. आत बघावं तर कपॅसिटर फुगलेले.

यामागचं कारण सरळ होतं. जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर मुख्यतः ५ व्होल्टच्या लाइनवर पोसला जायचा. २००० साली पेंटियम ४ आला, त्याच्याबरोबर मदरबोर्डवर चार पिनचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर आला, आणि प्रोसेसरचा सगळा भार त्या लाइनवर सरकला. स्वस्तातले सप्लाय मात्र जुन्याच हिशोबाने बनत राहिले. स्टिकरवर ४५० वॅट छापलेलं आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. गुणाकार केला की हातात येतात १६८ वॅट.

तेव्हा आम्ही ठरवलं की कोटेशनमध्ये एसएमपीएसची स्वतंत्र ओळ लिहायची: कंपनी, मॉडेल, आणि १२ व्होल्टचे अँपिअर. बिनसप्लायचं कॅबिनेट मागवायचं. मशीनची किंमत वाढली आणि बरीच गिऱ्हाइकं सरळ उठून गेली. भाऊ म्हणायचा, “दादा, लोकांना दिसत नाही त्याचे पैसे कोण देणार?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दुसऱ्याच्या हाताने बसवलेला खराब सप्लाय काढताना सोबत जळालेला मदरबोर्डही काढायला लागायचा, आणि तसलंच मशीन आपण विकावं हे मनाला पटत नव्हतं.

आम्हाला पहिल्यांदा धरून ठेवलं ते डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणारे) आणि फ्लेक्सवाल्यांनी. गणेशोत्सवाच्या तोंडावर ज्याचं मशीन बंद पडतं त्याला सप्लायची किंमत समजावून सांगावी लागत नाही. मग शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली कॅडची, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायची, कामं आली, फौंड्रीच्या पॅटर्नची डिझाइनं करणारी मंडळी आली. एकाने दुसऱ्याला सांगितलं, असंच वाढत गेलो. जाहिरात अशी कधी केली नाही.

आज निवड कशी करतो ते सविस्तर सांगतो, कारण आमचा धंदा यावरच उभा आहे. समजा सहा कोअरचा ६५ वॅटचा रायझन प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आहे. प्रोसेसर जोरात चालला की ८८ वॅटपर्यंत जातो, कार्ड १७० वॅट घेतं, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून आणखी साठ-सत्तर धरा. बेरीज सव्वातीनशेच्या आसपास येते. पण कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त खेचतं, म्हणून ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास देणारा सप्लाय बसवतो. आणि फक्त टॅली चालवणाऱ्या दुकानदाराला ७५० वॅटचा डबा विकणं आम्हाला तितकंच चुकीचं वाटतं. त्याचं मशीन शंभर वॅटही क्वचित ओलांडतं, त्याला चांगल्या बनावटीचा ४०० किंवा ४५० पुष्कळ झाला. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा शिक्का आम्ही बघतो, पण तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतले कपॅसिटर आणि संरक्षणाची सर्किटं कशी आहेत ते त्यावरून कळत नाही.

वॅट जुळले म्हणजे सप्लाय जुळला असं नाही. ऑफिसातून लिलावात निघालेली नामांकित कंपन्यांची मशीनं मुलं गेमिंगसाठी घेऊन येतात, “काका, यात ग्राफिक कार्ड बसवा की!” म्हणतात. उघडल्यावर दिसतं की बोर्डाला नेहमीचा २४ पिनचा कनेक्टरच नाही, सहा किंवा आठ पिनचा कंपनीचा स्वतःचा आहे. सप्लायचा आकारही वेगळा, साधा एटीएक्स त्या जागेत मावत नाही. कन्व्हर्टर केबल मिळतात, पण मॉडेल नंबर ताडून पाहिल्याशिवाय आम्ही त्या लावत नाही.

मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या करता येणाऱ्या, केबलबद्दल तर आम्ही काउंटरवर पाटीच लावली आहे. एका फोटो स्टुडिओवाल्यांनी घरीच सप्लाय बदलला. जुन्या केबल कॅबिनेटमध्ये नीट बांधलेल्या होत्या, म्हणून त्या तशाच ठेवून फक्त डबा बदलला. डिस्कला वीज देणारा, डिस्कच्या बाजूचा साटा कनेक्टर सगळीकडे सारखाच असतो, पण सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले आणि लग्नाचं शूटिंग असलेल्या दोन्ही डिस्क एका क्षणात बंद. नशिबाने एका डिस्कच्या सर्किटवरचा संरक्षक डायोडच तेवढा शॉर्ट झाला होता. भावाने तो गरम करून उचलला आणि डेटा निघाला. दुसरी डिस्क गेली ती गेलीच.

मशीन पोहोचवायला जातो तेव्हा आधी प्लगचं अर्थिंग तपासतो. जुन्या वाड्यांमध्ये तिसऱ्या पिनला वायरच नसते. मग सप्लायच्या फिल्टरमधून कॅबिनेटच्या पत्र्यावर बारीक करंट येतो, हाताला मुंग्या येतात आणि लोक एसएमपीएसला दोष देतात. तसंच यूपीएसचं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, त्यावर गेमिंग मशीन चालवलं तर लाइट जाताच सगळंच बंद होतं. २०१९ च्या महापुरानंतर पाण्यातून निघालेली मशीनं ढिगाने आली. तेव्हा आम्ही एकही भिजलेला सप्लाय वाळवून परत चालू केला नाही. गाळ आत गेलेला असतो, आणि तिथे ३०० व्होल्टहून जास्त डीसी खेळत असतं.

आता दुकानात मुलं हाताखाली आहेत. नवीन ग्राफिक कार्डांना सोळा पिनचा कनेक्टर येतो, त्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाते, आणि तो पूर्ण आत बसला नाही तर पिना तापून कनेक्टरचं प्लास्टिक वितळू शकतं. म्हणून बिल करण्याआधी मुलाने तो कनेक्टर टॉर्च मारून बघायचा आणि फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा, असा नियम केला आहे. तुम्ही कुठूनही मशीन घ्या, येताना सप्लायवरच्या स्टिकरचा आणि कार्डाच्या मॉडेलचा फोटो तेवढा आणा. जुळतंय की नाही ते आम्ही पाहून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.